दाबलेला खोकला

डिसेंबर सरत आला की आमच्या इमारतीतले खोकले ओळखू येऊ लागतात. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा तुटक आणि जरा रागावलेला, समोरच्या बाळाचा पिल्लाच्या भुंकण्यासारखा, आणि पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्याचा जिन्याबरोबर चढत जाणारा. मुंबईची थंडी ती काय असते? कपाटातली शाल झटकून खांद्यावर घेईपर्यंत संपतेसुद्धा. पण तेवढ्या दिवसांत हवा जड होते, धूर खाली उतरतो आणि गिरगावातल्या सगळ्या गॅलऱ्या घसा खाकरायला लागतात.

यंदा ही थंडी एका मुलीला घेऊन आली. माझ्या भाचीची मैत्रीण. सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण या विषयावर ती पीएच.डी. करते आहे, म्हणजे प्रत्येक माणसाला, त्याच्या खिशात काही असो वा नसो, औषधोपचार मिळावेत यासाठी काय करावं लागेल, यावर. शहाणी, नम्र मुलगी. चहा घेऊन झाल्यावर तिने विचारलं, "आजी, गेल्या वर्षभरात तुम्हाला कोणता आजार झाला? आणि त्याचा खर्च कुणी केला?"

हा प्रश्न मी स्वतः उभी हयात लोकांना विचारला आहे. तरी माझा हात आपोआप टेबलावर गेला आणि गोळ्यांची पट्टी वर्तमानपत्राखाली सरकली. मला कुठे काय झालंय, असं मी म्हटलं. वर तिलाच विचारलं, "हे तू कुणाला दाखवणार?"

ती गोंधळली आणि मला हसू आलं. ते वाक्य माझं नव्हतंच. ते लालबागच्या जनाबाईंचं होतं, आणि त्यांनी ते मला अशाच एका थंडीत विचारलं होतं.

एकोणीसशे छप्पन साल सरत होतं. मोर्चावरच्या गोळीबाराला वर्ष होत आलं होतं. द्विभाषिक राज्य नुकतंच गळ्यात पडलं होतं, आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आमच्या वाडीच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या होत्या. कुणीतरी रात्री त्या पुसायचं, कुणीतरी सकाळी पुन्हा लिहायचं. त्या दिवसांत माणूस माणसाकडे आधी बघायचा आणि मग बोलायचा. पानाच्या गादीवर अनोळखी माणूस जरा जास्त वेळ उभा राहिला तर तो साध्या वेशातला पोलीस ठरायचा. आडनाव विचारल्याशिवाय कुणी कुणाला वर्तमानपत्रसुद्धा वाचायला देत नसे. धुराचा वास आला की तो शेकोटीचा की अश्रुधुराचा, हे नाक आधी ठरवायचं.

मी तेव्हा अर्थशास्त्रात संशोधन करत होते. विषय होता गिरणी कामगारांच्या आजारपणाचा. सरकारने कामगारांसाठी नवी विमा योजना आणली होती. पगारातून थोडी वर्गणी कापली जायची आणि त्या बदल्यात डॉक्टर, औषध आणि आजारी रजेच्या दिवसांचा काही पगार मिळायचा. योजना कागदावर चांगली होती. मला छळणारा प्रश्न वेगळा होता. डॉक्टर फुकट मिळत असतानाही कामगार त्याच्याकडे का जात नाहीत? अडुळशाच्या काढ्यावर आणि कोपऱ्यावरच्या वैदूवर का राहतात?

आमच्या घरी या विषयाची थट्टा व्हायची. आई म्हणायची, अर्थशास्त्र म्हणजे बँक, व्यापार असं काहीतरी असतं, दुसऱ्यांचे खोकले मोजणं हे कसलं शास्त्र? तिला खरी भीती होती ती लालबागची. लग्नाच्या वयाची मुलगी एकटी गिरणगावात जाणार, तेही अशा दिवसांत. शिवाय माझे मार्गदर्शक सर गुजराती होते. आमच्या वाडीला तेवढं पुरेसं होतं. हा माणूस मराठी कामगारांची माहिती कशाला गोळा करतोय, असं शेजारी मला हसत हसत विचारायचे, आणि त्या हसण्यात हसू नसायचं.

लालबागच्या त्या चाळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपार होती. रात्रपाळीची माणसं झोपलेली, दिवसपाळीची कामावर. तळमजल्यावरच गिरणीतल्या कापसाचा तेलकट, कोंदट वास होता. माणसं तो कपड्यांबरोबर घरी आणत. वरून सुक्या बांगड्याचा वास उतरत होता. मी जिना चढू लागले तेव्हा वरच्या गॅलरीत कुणीतरी खोल, फुप्फुस खरवडून काढल्यासारखं खोकत होतं. माझी चप्पल वाजली आणि तो खोकला थांबला. थांबला म्हणजे संपला नाही. कुणीतरी तो तोंडावर कापड धरून आत कोंबला, हे मला खालपर्यंत ऐकू आलं.

पुढे हे मला सवयीचंच झालं. मी जिन्यात शिरले की चाळ खोकायची थांबायची.

दुसऱ्या मजल्यावर जनाबाईंची खाणावळ होती. मालवणकडच्या, लवकर विधवा झालेल्या. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि त्याच खोलीत पाळीपाळीने झोपत. एकजण उठून कामावर गेला की त्याच्या पथारीवर दुसरा. जनाबाई उंच होत्या, कपाळ कोरं, हाताला कायम मसाल्याचा रंग. मी माझं नाव, कॉलेज, विषय सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चुलीवरची कढई उतरवली, हात पुसले आणि मग विचारलं, "तू लिवतंस ता कोणाक दाखवतंस?"

मी म्हटलं, माझ्या सरांना. सर कोण? मी सांगितलं. आडनाव ऐकून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग बापूस काय करतो, भाऊ मोर्चाला जातो की नाही, कुणी पोलिसात आहे का, अशी माझी चांगली तपासणी झाली. शेवटी त्यांनी अटी घातल्या. यायचं तर दुपारचं यायचं. इथे बसून काही लिहायचं नाही. कुणाचं नाव विचारायचं नाही. आणि रिकामं बसायचं नाही.

म्हणून त्या थंडीत मी पुष्कळ लसूण सोलली. नखांना तो वास इतका चिकटला की आई मला ताटाजवळ बसू देईना. माणसं पथारीवर उठून बसायची, बिडी शिलगावायची आणि माझ्याकडे न बघता जनाबाईंना उद्देशून बोलायची. त्यातून मला कळायचं. विम्याच्या डॉक्टरकडे गेलं की तो छातीचा फोटो काढायला सांगतो. फोटोत काही निघालं की गिरणीत कळतं. गिरणीत कळलं की परत आल्यावर मशीन मिळत नाही, काही ना काही कारण निघतंच. असं खरंच कुणाचं झालं होतं का? नक्की कुणी सांगू शकत नव्हतं. पलीकडच्या चाळीत झालं होतं म्हणे. पण त्या 'म्हणे'च्या जोरावर अख्खी चाळ तोंडावर कापड धरून होती.

या मंडळींत दत्ताराम नावाचा एकजण होता. कापूस पिंजून त्याचे पेळू करतात त्या कार्डिंग खात्यात कामाला. तिशीचा, अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. चाळीच्या भजनात त्याचा आवाज पुढे असायचा, असं जनाबाई कौतुकाने सांगायच्या. हल्ली घसा बसलाय म्हणून तो मागे बसून नुसता टाळ वाजवायचा. माझ्याशी मात्र तो मालवणी सोडून जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा. एका दुपारी मी निघाले तेव्हा तो जिन्याच्या वळणावर उभा होता. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "विम्याचा डॉक्टर जे लिहितो, ते मिलवाल्यांना कळतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. चौकशी करते म्हटलं. खरोखरच केली. पुढच्या वेळी त्याच वळणावर मी त्याला सांगितलं की रजेसाठी दाखला द्यावा लागतो, तेव्हा गिरणीला कळणारच; पण उपचार चालू असताना कामावरून काढता येत नाही, असा कायदा आहे. त्यानंतर काय, असं त्याने विचारलं. त्यानंतरचं कायद्यात स्पष्ट नाही, मी म्हटलं. त्याने मान हलवली, आणि वरच्या गॅलरीत कुणाची तरी पावलं वाजली म्हणून आम्ही दोघंही गप्प झालो.

मग दत्ताराम नाहीसा झाला.

आधी चाळीला वाटलं, पोलिसांनी उचलला. तो मोर्चाला जायचा, तेव्हा ते शक्य होतं. पण थोड्या दिवसांनी निरोप आला की तो क्षयाच्या इस्पितळात आहे. मिलवाल्यांनी धरून नेलं, फोटो काढला आणि तिथे टाकलं. कुणीतरी आपलं नाव पुढे केलं असणार, असंही त्याने कळवलं होतं. त्याच्या मशीनवर बदली माणूस उभा होता, हे चाळीतल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आता नाव पुढे करणारं कोण, एवढंच ठरवायचं राहिलं होतं, आणि ते ठरवायला फार वेळ लागला नसावा. जिन्यात त्याच्याशी कुजबुजताना मला पाहिलेलं होतं.

मी नेहमीच्या वेळेला गेले, तर जिन्याच्या तोंडाशी जनाबाई उभ्या होत्या. मागे पाचसहा माणसं, नुकतीच झोपेतून उठलेली, अंगात गंजिफ्रॉक. कुणी ओरडलं नाही. जनाबाई फक्त म्हणाल्या, "बाय, वर येव नको."

मी काय झालं ते विचारलं. त्यांनी तुटकपणे निरोप सांगितला. मी म्हटलं, मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. मागच्या एका माणसाने जमिनीकडे बघत विचारलं की मग त्या गुजराती मास्तरला भेटून काय भजन करता काय. मला बोलायचं बरंच होतं, पण कुठलंही वाक्य उच्चारायच्या आधीच खोटं वाटू लागलं. मी वळले. गल्लीच्या टोकापर्यंत चालताना पाठीवर सगळ्या गॅलऱ्यांचे डोळे होते.

संशयाची एक गंमत असते. आपल्यावर कुणी घेतला की आपण तो खाली ठेवत नाही, पुढच्या माणसाच्या हातात देतो. भायखळ्यापर्यंत मी चालत गेले आणि तोवर माझा संशय सरांवर जाऊन बसला होता. मी त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, कार्डिंगमधला एक माणूस आहे, बहुधा छातीचं दुखणं लपवतोय. त्यावर त्यांनी विचारलं होतं, कुठल्या चाळीतला? मी सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या खोलीतून एका गिरणीचा लेबर ऑफिसर बाहेर पडताना मला दिसला होता. वाडीतले लोक म्हणत होते ते सगळं एकदम जागेवर बसलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना तोंडावर विचारलं. ते वयाने मोठे, मितभाषी, धोतर-कोटातले. आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, तो ऑफिसर त्यांचा जुना विद्यार्थी होता, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता. पत्रिका टेबलावरच पडली होती. त्यांनी ती मला दाखवायला उचलली, आणि मध्येच परत ठेवली. शुद्ध मराठीत ते म्हणाले, "पत्रिका दाखवून काय होणार? तुम्ही म्हणाल, आमंत्रणाच्या निमित्ताने बोललो असेन. ज्याला नेलं त्यालाच जाऊन विचारा."

त्यांना दुखावल्याचं मला कळत होतं. तरी त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मी त्यांना निर्दोष मानलं होतं, असं म्हणवत नाही.

इस्पितळ शहराच्या पूर्व कडेला होतं, खाडीच्या वाऱ्याच्या वाटेवर. लांब व्हरांड्यात खाटा, उन्हाचे पट्टे, फिनेलचा वास. तिथे सगळे मोकळेपणी खोकत होते. इतके आठवडे दाबलेले खोकले ऐकल्यावर मला ते जवळजवळ सुखाचं वाटलं. दत्ताराम टोकाच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि मला तेव्हाच अर्धं कळलं.

कुणी नाव सांगितलं, असं मी विचारलं. तो पायांवरची चादर नीट करत राहिला. मग म्हणाला, कुणीच नाही. मीच गेलो. रक्त पडायला लागलं होतं. तुम्ही कायदा सांगितलात तेव्हा धीर आला. विम्याच्या डॉक्टरकडे गेलो, त्याने चिठ्ठी दिली, पाळी संपल्यावर सरळ इथे आलो. मग मिलवाल्यांनी धरून नेल्याचा निरोप? तोही त्यानेच पाठवला होता.

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या गळ्याची हाडं इतकी वर आली होती की राग कुठे ठेवावा ते कळेना. मी एवढंच विचारलं, का?

"धरून नेलेल्या माणसाची जागा लोक राखतात, बाई," तो म्हणाला. "आपल्या पायांनी गेलेल्याला विचारतात, तुला कधीपासून ठाऊक होतं? आमच्यात बसून जेवत होतास, आमच्या पथारीवर झोपत होतास, तेव्हा ठाऊक होतं का? मला ठाऊक होतं."

"आणि ते माझं नाव घेतात, त्याचं काय?"

त्याने खाडीकडे तोंड वळवलं. "तुमचं नाव मी घेतलं नाही. पण खोडूनही काढणार नाही. तुम्हाला तिथं परत जायचं नाही. मला जायचंय."

परतताना मी या वाक्याशी खूप भांडले. त्यात एक चूकही सापडली नाही. माझं प्रबंधाचं काम अडणार होतं, माझी बदनामी होणार होती. त्याचं घर जाणार होतं, आणि घर म्हणजे काय, तर दिवसातले काही तास मिळणारी एक पथारी. मी चाळीत गेले नाही. कुणाला काही सांगितलं नाही. सरांना फक्त एवढं म्हटलं की माझा तुमच्याबद्दल गैरसमज झाला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांच्यावरचा वाडीचा संशय मात्र तसाच राहिला, कारण तो पुसण्यासाठी मला दत्तारामचं नाव सांगावं लागलं असतं.

मी दुसऱ्या वस्तीत काम पूर्ण केलं. आधी दादरच्या बाजूला, मग किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात, जिथे विमाही नव्हता आणि लपवाछपवीही कमी होती. प्रबंधात मी एक वाक्य लिहिलं होतं, की उपचार फुकट झाले म्हणून आजार सांगणं फुकट होत नाही. आधार काय, असं सरांनी समासात लिहिलं. मला आधार देता येत नव्हता. मी ते वाक्य खोडलं. तेच एक वाक्य माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, असं मला अजून वाटतं. भाचीच्या मैत्रिणीच्या टॅबलेटमध्ये आज सगळ्या देशाच्या दवाखान्यांचे आकडे आहेत, रंगीत नकाशे आहेत. कुठल्या जिल्ह्यात किती माणसं डॉक्टरपर्यंत पोहोचत नाहीत, ते ती बोटाने दाखवते. जिन्यात थांबून राहिलेला माणूस त्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवतात, हे मात्र तिलाही अजून कळायचं होतं.

पुढे काही वर्षांनी महाराष्ट्र राज्य झालं. त्या संध्याकाळी सगळा गिरणगाव रस्त्यावर होता. खिडक्याखिडक्यांत कंदील, गुलालाने लाल झालेली कपाळं, लेझमांचे ताफे, परळहून लालबागकडे वाहणारी माणसं. मी मैत्रिणींबरोबर गेले होते. उन्हाळ्याचा घाम आणि झेंडूचा वास यांत मी जवळजवळ विसरूनच गेले होते की ही गल्ली कोणती आहे. इतक्यात कुणीतरी मागून माझा दंड धरला. जनाबाई होत्या. केस पांढरे झाले होते, हाताला रंग तोच.

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. त्यांनी मला बंद दुकानाच्या फळीशी ओढून घेतलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "तो आपणहून गेलो, ता माका ठावक होता."

त्या घाईघाईने सांगत गेल्या. दिवाळीपासून त्याचा कप त्या उकळत्या पाण्यातून काढत होत्या. गॅलरीत वारा लागतो, घसा सुधारेल, असं सांगून त्याची पथारीही बाहेर टाकली होती. हा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाऊ दे, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या. माणसांना कळलं असतं तर त्याला कुणी आत घेतलं नसतं.

"मग मला का घालवलंत?" मी विचारलं.

"कोणावर तरी घालूक व्हया होता गो. तू भायली. तुका जावक घर होता."

हे खरं होतं का? की इतक्या वर्षांनी गुलालाच्या दिवशी भेटलेल्या मुलीला काहीतरी बरं वाटेल असं द्यावं, म्हणून त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं? की आपली खाणावळ बंद पडू नये म्हणून त्या तेव्हा गप्प बसल्या, आणि आता त्याला मायेचं नाव देत होत्या? मी ते पुष्कळदा उलटंसुलटं करून पाहिलं आहे. मला ठरवता आलेलं नाही. निघताना त्या पुन्हा वळल्या आणि म्हणाल्या, मला ठाऊक होतं हे त्याला सांगू नको. तो अजून तिथेच जेवतो.

त्यांच्या नजरेमागे माझी नजर गेली. चाळीचं भजनी मंडळ पुढे सरकत होतं आणि त्याच्या कडेला दत्ताराम उभा होता. अंगाने भरलेला, शर्टावर गुलाल. तो आमच्याकडेच बघत होता. जनाबाईंचा हात माझ्या दंडावर होता, आमची डोकी जवळ होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत चालला होता.

मी त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी तुझं गुपित त्यांना सांगितलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मध्ये लेझमांचा ताफा आला. तो गेला तेव्हा जनाबाई त्याच्या शेजारी पोहोचल्या होत्या, आणि तो त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.